फ्रिजच्या दाराच्या रबरावरची बुरशी पुन्हा पुन्हा येते? आधी ती कुठे आहे ते बघा

जून उजाडला की घरोघरी हीच तक्रार. फ्रिजच्या दाराचं रबर, म्हणजे मेकॅनिक ज्याला गॅस्केट म्हणतात ते, व्हिनेगरने पुसून झालं, सोडा लावून घासून झालं, शेजारणीने सांगितलं म्हणून ब्लीचही लावून झालं. आठ-पंधरा दिवस रबर स्वच्छ राहतं आणि मग घडीत पुन्हा काळे ठिपके दिसायला लागतात. यात घासणाऱ्याची काही चूक नसते. बुरशीला त्या जागी रोज पाणी मिळतंय, आणि ते मिळतंय तोवर ती येतच राहणार.

कसं साफ करायचं ते पुढे आहेच. पण फडकं हातात घेण्याआधी पाच मिनिटं दार उघडून नुसतं बघा. रबर अंगठ्याने बाजूला सारून घडी उघडा. बुरशी कुठल्या बाजूला आहे, सलग आहे की एकाच कोपऱ्यात, यावरून पाणी कुठून येतंय ते बहुतेक वेळा कळतं. घासून टाकलं की हा माग पुसला जातो, म्हणून चारही बाजूंचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. महिन्याभराने ती परत आली तर त्याच जागी आली की दुसरीकडे, हेही त्यावरून ताडता येईल.

पाणी येतं कुठून

हवेतलं बाष्प गार पृष्ठभागावर दव होऊन बसतं, एवढंच. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर साधारण २६ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी सुटतं. फ्रिजच्या दाराची कड २६ अंशांपेक्षा गार असणं काही अवघड नाही. रबर जिथे नीट चिकटत नाही, तिथे आतली गार हवा झिरपत बाहेर येते, ती जागा आणखी गार पडते आणि दिवसभर ओली राहते. उलट नागपूरला मे महिन्यात पारा ४२ अंशांवर असतो आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा दव धरायला वस्तू जवळपास १० अंशांपर्यंत गार व्हावी लागते. त्यामुळे तोच फ्रिज, तेच रबर, पण विदर्भात उन्हाळाभर कोरडं आणि बदली होऊन पनवेलला आलं की काळं.

दुसरी गोष्ट रबराची. आपण रबर म्हणतो, पण हल्लीचं बहुतेक गॅस्केट म्हणजे मऊ पीव्हीसी, आणि त्याच्या आत चुंबकाची लांब पट्टी. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेले पदार्थ काही बुरशींना खाता येतात. त्यात दुधाचा ओघळ, इडलीच्या पिठाचा शिंतोडा, आमरसाचा थेंब घडीत साचलेला असतोच. पाणी आणि खाणं दोन्ही आयतं. थंडीने बुरशी मरेल ही आशा सोडा, तिच्या कित्येक जाती ४-५ अंशांनाही सावकाश का होईना वाढतात.

कुठल्या बाजूला आहे, त्यावरून निदान

फक्त खालच्या बाजूला असेल तर निम्म्याहून अधिक वेळा कारण सांडलवंड असतं. दारातल्या कप्प्यातलं दूध, ताक, सॉसच्या बाटलीचा ओघळ, सगळं गुरुत्वाकर्षणाने खालच्या घडीत येऊन थांबतं. घडी उघडल्यावर काळ्या ठिपक्यांबरोबर चिकट तपकिरी थर दिसला तर समजा हेच आहे. मात्र खाली नुसतं स्वच्छ पाणी साचत असेल, तर भाजीचा ट्रे काढून त्याखाली हात फिरवा. ओलं लागलं तर पाणी जाण्याचं भोक तुंबलंय. बऱ्याच फ्रिजमध्ये आतल्या मागच्या भिंतीच्या तळाशी पन्हळीसारखी खाच असते आणि तिच्या मधोमध हे भोक असतं. तिथून पाणी मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं आणि त्याच्या उष्णतेने वाळतं. कोथिंबिरीचं एक पान अडकलं की ते पाणी मागे जायच्या ऐवजी भाजीच्या ट्रेखालून पुढे दाराकडे येतं. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा, सुई काढून टाका आणि कोमट पाणी हळूहळू भोकात सोडा. तारेने खुपसू नका, आतली नळी प्लास्टिकची असते.

बिजागरीच्या बाजूला असेल तर ती सहसा वर्षानुवर्षं कुणाला दिसलेलीच नसते, कारण दार नेहमीएवढं उघडल्यावर ती बाजू अंधारातच राहते. तिथे रबर दर वेळी घासलं जातं, कोरडं पडतं आणि त्याची कड आतल्या बाजूला मुडपते. मुडपलेल्या कडेखाली बारीक फट राहते.

हँडलच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात असेल तर बाटल्या मोजा. दारात पाण्याच्या एकेक लिटरच्या सहा बाटल्या म्हणजे सहा किलो, वर दूध, लोणच्याची बरणी, सरबतं. हा भार हँडलच्या टोकाला लोंबत असतो. बिजागरीचे स्क्रू सैल पडतात, दार किंचित ओघळतं आणि वरचा कोपरा सुटतो. समोर उभं राहून दाराची वरची कड आणि फ्रिजच्या डोक्याची कड समांतर आहेत का बघा. एका टोकाला फट जास्त दिसली की झालं निदान. या कोपऱ्याचा आणखी एक गुन्हेगार म्हणजे फ्रिजवर घातलेलं झालरीचं प्लास्टिक कव्हर. त्याची झालर दार लावताना रबराखाली सापडते आणि दिवसभर तिथेच दबलेली राहते. हे कव्हर काढायचा विषय काढला की आई-सासूबाई नाराज होतात हे खरं, पण पावसाळ्यापुरतं तरी काढा किंवा झालर वर दुमडून टाचून ठेवा.

चारही बाजूंना सारखीच, बारीक आणि विरळ असेल तर रबराचा दोष कमी आणि जागेचा जास्त. फ्रिज ड्राय बाल्कनीत आहे का? नाव ड्राय असलं तरी जुलैत तिथे वाळत घातलेले कपडे दोन दिवस वाळत नाहीत, तिथे रबर काय कोरडं राहणार! सिंकला लागून, किंवा कुकरची वाफ थेट अंगावर येईल असा गॅसच्या ओट्याशेजारी ठेवलेल्या फ्रिजची तीच गत. थर्मोस्टॅटही बघा. मेमध्ये फिरवून ठेवलेला मोठा आकडा पावसाळ्यात कुणी कमी करत नाही. त्यामुळे फ्रिज गरजेपेक्षा गार होतो आणि दाराला जास्त पाणी सुटतं. आतलं तापमान ३ ते ५ अंश पुरे. बाजारात साधा थर्मामीटर मिळतो, तो पाण्याच्या पेल्यात बुडवून रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा, सकाळी आकडा वाचा आणि मग नॉब खाली आणा.

डबल डोअर फ्रिजमध्ये फ्रीजर आणि खालचा भाग यांच्यामधला आडवा पट्टाच ओला आणि काळा होत असेल, तर ही वेगळी गोष्ट आहे. बऱ्याच फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये या चौकटीच्या आतून गरम नळी किंवा बारीक हीटर फिरवलेला असतो, तो नेमका इथे दव धरू नये म्हणूनच. (चौकटीला हात लावल्यावर कोमट लागतं म्हणून मेकॅनिकला बोलावणारे पुष्कळ भेटतात. ते कोमट लागणं चांगलं लक्षण आहे.) काही फ्रिजना वीज वाचवायचं बटण असतं, ते लावलं की हा हीटर बंद होतो. पावसाळ्यात ते बटण बंद ठेवा. तुमच्या फ्रिजची चौकट आधी कोमट लागायची आणि आता कायम गार, ओली लागते, तर मात्र मेकॅनिकचं काम आहे, घासून काही होणार नाही.

फट आहे की नाही, ते असं तपासा

वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी रबर आणि चौकट यांच्यामध्ये धरून दार लावा आणि पट्टी ओढा. अडखळत, ताण देत निघाली तर तिथे पकड आहे. सरकन निघाली तर नाही. दर वीतभर अंतरावर हे करा, आणि बिजागरीची बाजू टाळू नका, आळसाने तीच राहते. रात्री स्वयंपाकघरातले दिवे मालवून मोबाइलचा टॉर्च लावून आत ठेवला आणि दार बंद केलं तर मोठी फट उजेडानेच दिसते. बारीक फट उजेडात दिसत नाही, तिथे कागदच बरा.

आणखी एक खूण, जिला काहीच सामान लागत नाही. दार लावून लगेच पुन्हा उघडायला जा. आत शिरलेली उबदार हवा गार होऊन आकसते, त्यामुळे रबर चांगलं असेल तर दार काही क्षण जड जातं. दार लावल्या लावल्या कधीच जड जात नसेल, तर हवा कुठून तरी आत येते आहे.

आता साफसफाई

आधी फ्रिजचा प्लग काढा. फ्रीजरचं दार बंद ठेवलंत तर तास-दीड तासात आतल्या सामानाला काही होत नाही. दाराच्या कप्प्यांमधलं सगळं काढून घ्या, दार हलकं झालं की काम सोपं होतं. घरात कुणाला दमा असेल तर त्यांना हे काम देऊ नका. आणि कुणीही करा, कोरड्या ब्रशने घासू नका, बुरशीची पूड हवेत उडते. आधी ओलं करायचं, मग घासायचं.

पहिला हात नेहमी साबणाच्या पाण्याचा. कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड थेंबभर टाका, जुन्या सुती बनियनचा तुकडा बुडवून पिळा आणि सगळं रबर पुसून काढा. बहुतेक जण ही पायरी गाळून थेट व्हिनेगरवर येतात, आणि मग चिकट थराखालची बुरशी तशीच राहते. व्हिनेगर आणि ब्लीच दोन्ही चिकटपणापुढे फिके पडतात.

घडीसाठी कानकाडी किंवा मऊ टूथब्रश घ्या. डाव्या हाताच्या अंगठ्याने रबराची कड बाहेर खेचून धरा. आत एक घडी दिसते, आणि तिच्या मागे बहुधा आणखी एक. खरी बुरशी त्या दुसऱ्या घडीत, खसखस सांडल्यासारखी. ओली कानकाडी तिथून एकदा फिरवली की काळी-तपकिरी होऊन बाहेर येते. ती टाकून नवीन घ्या, तीच पुढे फिरवली तर बुरशी सगळीकडे पसरते. कोपऱ्यांत दोन पट्ट्या वितळवून जोडलेल्या असतात, तिथे जोडाची खडबडीत कड असते, घाण तिच्यात अडकते आणि रबर फाटतंही तिथूनच. सुरी, स्क्रूड्रायव्हर असलं काही घालू नका. चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळलं तर पुरतं.

मग व्हिनेगर. किराणा दुकानात मिळणारं पांढरं व्हिनेगर पाणी न घालता फडक्याच्या पट्ट्यांना लावा, पट्ट्या घडीत दाबून बसवा आणि अर्धा तास राहू द्या. नुसतं शिंपडून लगेच पुसण्यात काही अर्थ नाही, त्याला भिजायला वेळ लागतो. त्यानंतर पुन्हा एकदा ब्रश, मग स्वच्छ पाण्याचं फडकं. साध्या बुरशीला इतकं पुरे होतं.

एवढं करूनही ठिपके जिवंत वाटले, म्हणजे आठवडाभरात वाढले, तर ब्लीच. एक लिटर गार पाण्यात दोन चहाचे चमचे, दहा मिनिटं, आणि मग दोन-तीनदा साध्या पाण्याने पुसून काढायचं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. इथे एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा: व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, आणि एकाच्या ओल्या रबरावर दुसरं लावू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि फ्रिजच्या दारात डोकं घालून बसलेल्या माणसाच्या तो थेट नाकात जातो. ज्या दिवशी व्हिनेगर लावलंत, त्या दिवशी ब्लीच नाही. अमोनिया असलेल्या काच पुसायच्या लिक्विडबरोबरही ब्लीच नको. आणि ब्लीच हा नेहमीचा उपाय करू नका, वारंवार लावल्याने रबर कडक होतं. कडक रबर नीट चिकटत नाही, फट पडते आणि बुरशीला आणखी पाणी मिळतं.

रॉकेल आणि थिनरने रबर बिघडतं. फिनाइलचा वास आठवडाभर दह्याला येतो. लिंबाची साल घासायचा सल्ला सगळीकडे दिसतो, पण लिंबाचा गर आणि साखर घडीत राहिली की बुरशीची चैनच. सोडा वास घालवायला चांगला, पण त्याची पांढरी पूड घडीत राहू देऊ नका, तिच्यात ओल धरते.

सगळं झाल्यावर कोरडं करणं हा खरा उपचार, आणि नेमका हाच कंटाळून सोडला जातो. आधी कोरडं फडकं, मग दार उघडं ठेवून पंख्याचा वारा पंधरा-वीस मिनिटं. दुसऱ्या घडीत बोट घालून बघा, ओलसर लागलं तर अजून थांबा. मगच प्लग लावा.

आणि हो, काही ठिपके कधीच जाणार नाहीत. बुरशी मेलेली असते, पण तिचा काळा रंग पीव्हीसीच्या आत मुरलेला असतो. फोटो शेजारी धरून बघा. ठिपक्यांची जागा आणि आकार महिनाभर तेच राहिले तर तो नुसता डाग आहे, त्याच्या मागे लागून रबर घासून पातळ करू नका.

मग ती परत येऊ नये म्हणून

मुडपलेल्या रबरावर हेअर ड्रायर मध्यम गरम करून हातभर अंतरावरून फिरवा, रबर लवचीक झालं की बोटाने कड बाहेर ओढून सरळ करा, दार लावा आणि तासभर उघडू नका. बिजागरीच्या बाजूला रबर घासलं जाऊ नये म्हणून व्हॅसलिनचं अगदी पातळ बोट फिरवता येतं. जाड थर दिला तर त्यावर धूळ आणि पीठ बसतं, म्हणून बोट फिरवून फडक्याने उरलेलं पुसून घ्या.

ओघळलेल्या दारासाठी आधी बाटल्या आतल्या खालच्या कप्प्यात हलवा, मग वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळा. त्यानंतर फ्रिजचे पुढचे पाय थोडे बाहेर काढून पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित उंच करा. दार अर्धं उघडून सोडलं की ते स्वतःहून हळूच लागलं पाहिजे. घरात मुलं आणि म्हातारी माणसं असली की दार पूर्ण न लागण्याचं प्रमाण फार, आणि हा एवढा उतार त्या भानगडीतली निम्मी मिटवतो.

धुतलेली पालेभाजी निथळून, पंचावर पसरून मगच आत ठेवा. आमटी-भाजी झाकून ठेवा आणि वाफ जिरल्यावरच आत जाऊ द्या. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, रात्री ओटा पुसता पुसता रबराची खालची बाजू कोरड्या फडक्याने पुसली तर या सगळ्या उठाठेवीची वेळ फारशी येत नाही.

गणपतीला गावी जाताना फ्रिज बंद करणार असाल तर मात्र नीट करा. आत उरलेलं सगळं काढा, फ्रीजरचा बर्फ वितळू द्या, आतून आणि रबर पूर्ण कोरडं करा आणि दाराच्या मध्ये कागदाचा जाड बोळा घालून दार उघडं ठेवा. बंद पडलेला, दार लावलेला, आतून किंचित ओला फ्रिज भाद्रपदात आठ दिवस ठेवला तर परत आल्यावर रबरच काय, आतल्या जाळ्यांनाही हिरवी-काळी लव आलेली असते.

रबर बदलायची वेळ कधी

कागदाची पट्टी दोन-तीन ठिकाणी सरकन निघते, ड्रायर फिरवूनही कड सरळ होत नाही, कोपऱ्यात चीर गेली आहे, किंवा तळमजल्यावर राहणाऱ्यांच्या बाबतीत, उंदराने कुरतडलंय. या अवस्थेत घासणं थांबवा आणि नवीन आणा. नव्या बनावटीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये गॅस्केट नुसतं खाचेत दाबून बसवलेलं असतं. कोपऱ्यातून धरून ओढलं की निघतं, नवीन आधी कोमट पाण्यात भिजवून घड्या सरळ करायच्या आणि कोपऱ्यांपासून सुरुवात करून बसवायचं. जुन्या सिंगल डोअर फ्रिजमध्ये रबराच्या कडेखाली स्क्रू असतात आणि तेच स्क्रू दाराच्या आतलं प्लास्टिकही धरून ठेवतात. सगळे एकदम काढले तर दार पीळ खाऊन वाकडं होतं. थोडे थोडे सैल करत, एकेक बाजू काढत-बसवत जायचं. हे हाताला सवयीचं नसेल तर मेकॅनिकला बोलवा, पण तो समोर काम करत असताना बघत बसा.

स्थानिक दुकानात गॅस्केट मापाने करून मिळतं, आणि ते वाईट असतंच असं नाही. माप सांगताना जुनं रबर सोबत न्या. नुसत्या लांबी-रुंदीवर जाऊ नका, खाचेत बसणाऱ्या पट्टीचा आकार फ्रिजगणिक वेगळा असतो. पैसे देण्याआधी चारही कोपऱ्यांचे जोड बोटाने दाबून बघा. फ्रिजवर बसवून झालं की मेकॅनिक निघायच्या आत वर्तमानपत्राची पट्टी घेऊन चारही बाजू त्याच्यासमोर तपासा. नवीन रबराला कधी कधी बसायला एक-दोन दिवस लागतात, तेवढी सूट द्या. तिसऱ्या दिवशीही पट्टी सरकन निघाली तर त्याला फोन करा.